दुसरं बटण

विशेष शिक्षिका ओळखायची एक सोपी खूण आहे. ती प्रश्न विचारते आणि मग गप्प बसते. आपण 'चहा घेणार का' असं विचारतो आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत 'घ्या हो, अर्धा घ्या' म्हणून मोकळे होतो. ती तसं करत नाही. विचारते, तुमच्याकडे बघते आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. नवखा पाहुणा या शांततेत पार गांगरतो. आमच्या वहिनींनी 'चहा की कॉफी?' विचारल्यावर एका विमा एजंटाने घाबरून 'दोन्ही' म्हणून सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. वहिनींनी स्वयंपाकघरातून दोन्ही डबे आणून त्याच्यासमोर धरले. "एक. कुठलं?" त्याने बोट दाखवलं. "छान!" वहिनी म्हणाल्या, आणि पन्नाशी उलटलेला तो गृहस्थ खरोखरच सुखावला.

वहिनी नाशिकच्या एका विशेष मुलांच्या शाळेत शिकवतात. शाळेत त्यांना 'ताई' म्हणतात. तिथे सगळ्याच ताई. मुलं म्हणतात, पालक म्हणतात, मुलांना आणणारे रिक्षावाले काका म्हणतात. दादा एकदा डबा द्यायला गेला तर गेटवर त्याच्याही तोंडून 'ताई आहेत का?' असं निघून गेलं. घरी ही गोष्ट सांगितली त्या दिवशी आई जेवताना दोनदा उठून गेल्या नि हसून आल्या.

या पेशात लहानपणापासून ठरवून आलेलं माणूस मला अजून भेटायचं आहे. कुणाचा साध्या डी.एड.ला नंबर लागलेला नसतो, म्हणून 'तूर्तास' विशेष डी.एड. केलेलं असतं, आणि तो तूर्तास पुढे निवृत्तीपर्यंत चालतो. कुणाच्या घरातच असं मूल असतं. खरं तर आपल्याकडच्या कितीतरी शाळा अशा घरांतूनच उभ्या राहिल्या. मुंबईच्या वकील दांपत्याने १९४४ साली आपल्या जय नावाच्या लेकीसाठी शाळा काढली, ती आज जय वकील म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या नाशकात हा विषय निघाला की रजनीताई लिमयांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने त्यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी सुरू केली.

वहिनींच्या बाबतीत मात्र यातलं काहीच नव्हतं. त्या बी.कॉम., वर टॅलीचा कोर्स. शाळेच्या ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी या तीन महिन्यांसाठी लागल्या. एके दिवशी वर्गावरच्या ताईंना ताप आला आणि मोठ्या बाईंनी वहिनींना सांगितलं, "जरा अर्धा तास वर्गात बसता का? काही करू नका, नुसतं लक्ष ठेवा." त्या अर्ध्या तासात एक मुलगा उठला, वहिनींचा हात मनगटाला धरून दारापाशी घेऊन गेला आणि तो हात उचलून कडीवर ठेवला. त्याला बोलता येत नव्हतं. रात्री जेवताना वहिनी ताटातली आमटी ढवळत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "सांगितलं हो त्याने! एक शब्द नाही, पण सगळं सांगितलं." दादा म्हणाला, "मग उघडलीस का कडी?" वहिनी म्हणाल्या, "नाही. आधी म्हटलं, 'कडी'. मग थांबले. मग उघडली." शिकवायला सुरुवात झाली होती, फक्त ते आम्हाला कळलं नव्हतं. टॅलीचे तीन महिने संपले तेव्हा वहिनींनी विशेष डी.एड.चा फॉर्म आणला.

आईंनी रणकंदन केलं. "हिशेब शिकलेली सून, आणि वेड्यांच्या शाळेत?" हे वाक्य आई आता साफ नाकारतात. कुणी आठवण करून दिलीच तर 'मी असं म्हणेन का?' असं विचारून त्याच्याकडे असं बघतात की त्यालाच शंका यावी. दोन वर्षांचा तो अभ्यासक्रम झाला, भारतीय पुनर्वसन परिषदेत नाव नोंदलं गेलं आणि एक नोंदणी क्रमांक घरात आला. वहिनींना स्वतःचा आधार क्रमांक पाठ नाही, हा आहे. या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी शिबिरं, कार्यशाळा करून शंभर गुण जमवावे लागतात, म्हणजे शिकवणाऱ्यालाही जन्मभर शिकावं लागतं. हा नियम इतर काही पेशांना लावला तर काय बहार येईल, असं मला अनेकदा वाटतं. नावं घेत नाही.

आता या शिक्षणाचा घरावर झालेला परिणाम. विशेष शिक्षिका कुठलीही कृती सबंध पाहूच शकत नाही. आपल्याला 'दात घासणे' ही एक क्रिया दिसते. तिला ब्रश उचलणे, ट्यूबचं झाकण काढणे, पेस्ट वाटाण्याएवढी घेणे, झाकण परत लावणे अशा पायऱ्या दिसतात. मग त्यातली नेमकी कुठली पायरी अडते आहे, तेवढीच धरायची. दादा लग्नाआधीपासून ओला टॉवेल पलंगावर टाकत आला आहे. आईंनी त्यावर तीस वर्षं आरडाओरडा केला, काही उपयोग झाला नाही. वहिनींनी उलटीकडून सुरुवात केली. टॉवेल स्वतः उचलायचा, गॅलरीत न्यायचा, झटकायचा, दोरीवर घालायचा, आणि दादाच्या हातात फक्त चिमटा द्यायचा. दादा चिमटा लावायचा. "शाब्बास! झालं बघा." शेवटची पायरी त्याची, म्हणजे काम पुरं केल्याचं समाधानही त्याचंच. काही दिवसांनी दोरीवर घालणंही त्याच्याकडे आलं. मग झटकणं. बक्षीस म्हणून प्रत्येक वेळी वाटीभर कोंडाजीचा चिवडा. सवय लागली तसा चिवडा कमी कमी होत गेला, नुसती शाब्बासकी उरली, मग मान हलवणं, मग तेही नाही. चिवडा बंद झाल्याचं दादाच्या लक्षात आलं तेव्हा तो महिनाभर बिनपगारी टॉवेल वाळत घालत होता.

"तू माझ्यावर प्रयोग करतेस?" तो ओरडला.

वहिनींनी उत्तर दिलं नाही. भाजी निवडत राहिल्या. मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, बघू नका तिकडे. लक्ष वेधायला चाललंय."

मद्रासला तयार झालेली एक मूल्यमापनाची यादी या शिक्षिका वापरतात. अठरा विभाग, प्रत्येकात वीस कौशल्यं. जेवण, कपडे, पैसे, वेळ, घरकाम, सगळं त्यात येतं. वहिनींनी दादाची यादी मनातल्या मनात भरलेली आहे, असा मला दाट संशय आहे. घरकामाच्या विभागात तो कितव्या कौशल्यावर अडकला ते त्या सांगत नाहीत. 'बेसलाइन कळली,' एवढंच म्हणतात.

दुसरा जाच म्हणजे आमच्या घरातून काहीच बाहेर फेकता येत नाही. बाटल्यांची झाकणं, आइस्क्रीमच्या काड्या, अंड्यांचे ट्रे, लग्नपत्रिका, मलमाच्या रिकाम्या ट्यूबा, सगळ्यावर शाळेचा हक्क. झाकणांचं वर्गीकरण होतं, ट्रेमध्ये एकेक गोटी ठेवून मोजायला शिकवता येतं, ट्यूबांवर झाकण फिरवायचा सराव होतो. माझा एक बरा खादीचा शर्ट इस्त्रीवाल्याकडून आला तो थेट कात्रीखाली गेला. त्याची बटणपट्टी कापून लाकडी चौकटीवर ताणली, काजं मोठी केली आणि रुपयाएवढी बटणं लावली. मी तक्रार केली तर वहिनी म्हणाल्या, "तुमच्या शर्टाची काजं कशी टणक होती! दुकानात असली मिळतच नाहीत." शर्टाचं एवढं कौतुक माझ्या अंगात असताना कधी झालं नव्हतं.

त्या चौकटीवरूनच सांगायचं तर, वहिनी मुलांची नावं घरी कधी घेत नाहीत. शाळेचा नियम आहे, आणि त्यांचाही. त्यामुळे आमच्या घरात ती मुलं त्यांच्या चालू ध्येयाच्या नावाने वावरतात. एक 'दुसरं बटण' आहे. एक 'उजवी चप्पल' आहे. 'पाणी माग' नावाची एक मुलगी आहे. 'रस्ता ओलांड' मोठा आहे, पूर्वव्यावसायिक गटातला, त्याला मिसरूड फुटली आहे. आई देवाला दिवा लावताना विचारतात, "आज 'उजवी चप्पल' आला होता का गं? सर्दी होती ना त्याला." घोटाळा होतो तो ध्येय साध्य झाल्यावर. नाव बदलतं. 'उजवी चप्पल'ची 'बक्कल' झाली तेव्हा आई दोन दिवस नव्या मुलाची चौकशी करत होत्या आणि जुना शाळा सोडून गेला म्हणून हळहळत होत्या.

'दुसरं बटण' हे प्रकरण तर पावसाळ्यापासून चाललं होतं. पहिलं बटण त्याला जमत होतं. दुसऱ्याशी आला की हात गळ्याकडे परत जायचा. मग वहिनींनी वरून खाली जाण्याऐवजी खालून वर जाऊन पाहिलं. बटणाचा रंग बदलून पाहिला. आरशासमोर उभं केलं, आरसा काढून टाकला. रोज वहीत एक खूण. स्वतः केलं तर एक, तोंडाने सांगून केलं तर दुसरी, हाताला धरून करवलं तर तिसरी. आमच्या घरात तेव्हा त्या बटणाची चर्चा नाशिकच्या पाणीकपातीइतकी गंभीरपणे होत असे. दादा ऑफिसातून फोन करून विचारी, "लागलं का?" आणि एका गुरुवारी वहिनी दारातूनच ओरडल्या, "लागलं!" हातात पेढ्यांचा पुडा. शेजारच्या काकू धावत आल्या. "कुणाला लागलं? नोकरीला का? कुठे?" वहिनींनी पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, "बटण." काकूंनी पेढा तोंडात टाकायच्या आधी क्षणभर विचार केला, पण टाकला.

मी त्या दिवशी वहिनींच्या चेहऱ्याकडे नीट बघत होतो. मी एका ऑफिसात पंचवीस वर्षं फायली हलवतो आहे. मला बढत्या मिळाल्या, एकदा भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माझ्या कामातलं काही लागलं आणि मी पेढे आणले, असं झालेलं नाही.

या बायांना सगळ्यात जास्त राग कशाचा येतो? पोरांच्या चावण्याचा नाही. दंडावर दातांचे वळ घेऊन वहिनी घरी येतात आणि कैरीचं लोणचं कालवत सांगतात, "चूक माझी. घंटा आधी दाखवायला हवी होती, अचानक वाजली." राग येतो तो 'बाई, किती पेशन्स हो तुमच्यात!' या वाक्याचा. ते ऐकलं की वहिनींच्या नाकाचा शेंडा लाल होतो. "पेशन्स म्हणे. भाऊजी, मला दुधाच्या रांगेत दोन मिनिटं उभं राहवत नाही." ते खरंच आहे. सिटीबस पाच मिनिटं उशिरा आली तर कंडक्टरची धडगत नसते. 'घाई नाही' हा त्यांचा आवडता मंत्र फक्त शिकणाऱ्याला लागू आहे, बाकी जगाने घाई करायलाच हवी. मला वाटतं, 'पेशन्स' आणि 'पुण्याचं काम' हे दोन शब्द एकदा टाकले की बोलणाऱ्याला पुढे काही करावं लागत नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं आहे. पुण्यवान माणसाचा पगार थकला तरी चालतो. अनुदान रखडलेल्या शाळेत पगार किती आणि कधी होतो हा विषय वहिनी काढत नाहीत. दादा काढतो. मग घरात थोडा वेळ भांड्यांचे आवाज येतात.

आणि दिवाळीचा स्टॉल! त्या चार दिवसांत वहिनींचं खरं रूप दिसतं. शाळेच्या कार्यशाळेतली मोठी मुलं पणत्या रंगवतात, फुलवाती वळतात, उटणं भरतात, कागदी पिशव्या चिकटवतात. कॉलेज रोडला मांडव टाकून विक्री होते आणि गल्ल्यावर 'रस्ता ओलांड' बसतो. एका वर्षी त्याला पैसे शिकवले होते. पणत्यांचं पाकीट साठ रुपयांना. शंभराची नोट आली की चाळीस परत. दहा-दहाच्या चार नोटा मोजायच्या, गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायच्या, 'धन्यवाद' म्हणायचं. सहा महिने खोट्या नोटांनी सराव केला, मग खऱ्या. स्टॉल उघडला, पहिल्या बाई आल्या, नोट दिली, त्याने चाळीस मोजून पुढे केले, आणि बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "राहू दे रे बाळा, ठेव तुला."

पोरगा गडबडला. शिकवलेल्या पायऱ्यांत हे नव्हतं. नोटा तशाच पुढे धरून उभा राहिला. पुढच्या काकाही 'राहू दे'. तिसरे 'कीप द चेंज'. चौथ्या वेळेला त्याने सुटे मोजणंच सोडून दिलं. वहिनी मांडवातून बाहेर आल्या आणि एका सज्जन गृहस्थाच्या मागे फुटपाथवर धावल्या. "अहो, तुमचे चाळीस रुपये घेऊन जा! सहा महिने शिकवलंय त्याला!" ते गृहस्थ 'नको नको' म्हणत पळत सुटले. रस्त्यावर एक बाई पैसे परत द्यायला धावते आहे आणि माणूस जीव घेऊन पळतो आहे, हे दृश्य बघायला भेळवालाही गाडी सोडून आला.

संध्याकाळी आई आल्या. आईंनी पाच पाकिटं उघडून पणत्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. "ही फुटकी आहे. बदलून दे." त्याने बदलून दिली. "फुलवाती सैल वळल्यात, अशा लगेच विझतात. कुणी केल्या?" एक मुलगी पुढे झाली. आईंनी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यासमोर एक वात वळून दाखवली. पिळा कुठे द्यायचा ते सांगितलं. मग साठ रुपयांच्या पाकिटाचे पन्नास करतोस का म्हणून हुज्जत घातली. मुलगा म्हणाला, "साठ." आई म्हणाल्या, "पंचावन्न." मुलगा म्हणाला, "साठ." आईंनी शंभराची नोट दिली, चाळीस घेतले, दोनदा मोजले, कमरेच्या पिशवीत ठेवले. "धन्यवाद," तो म्हणाला. मांडवात इतका वेळ कडेला उभे असलेले त्याचे वडील पहिल्यांदा हसले. वहिनी घरी आल्यावर मला म्हणाल्या, "दिवसभरात एकच गिऱ्हाईक आलं हो."

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी आई शाळेत फुलवाती शिकवायला जातात. तिथे त्यांनाही 'ताई' म्हणतात. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

लग्नकार्यात विशेष शिक्षिकेला सुखाने जेवता येत नाही. कुणीतरी येऊन शेजारी बसतंच. 'आमचा अडीच वर्षांचा झाला, अजून बोलत नाही, याचे बाबाही उशिरा बोलले म्हणे.' वहिनी जिलेबी बाजूला ठेवतात. हाक मारल्यावर बघतो का? हवी ती वस्तू बोट दाखवून मागतो का? आधी विचारतात, मग थांबतात. त्या थांबण्यात समोरच्या आईला उत्तर कळून चुकतं. 'एकदा दाखवून घ्या. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. लवकर गेलेलं बरं.' काही बाया ऐकतात. काही रागाने उठून जातात आणि पुढची दोन कार्यं बोलत नाहीत, मग एका रात्री त्यांचा फोन येतो.

रात्रीचे फोन हे एक वेगळंच खातं. दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज कुठे अडला, निरामय विम्यात लाखापर्यंतचं कसं बसतं, अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पालकत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे काय काय न्यावं, २०१६ च्या कायद्यात सातांऐवजी एकवीस प्रकारची दिव्यांगता कशी आली, सगळं वहिनींना तोंडपाठ आहे. अशा फोनांत शेवटी एक प्रश्न बहुधा येतोच. तो आम्हाला ऐकू येत नाही, पण आला की कळतं, कारण वहिनी खिडकीपाशी जातात. आमच्यामागे याचं काय, हा तो प्रश्न. वहिनींकडे त्याचं उत्तर नाही आणि त्या असल्याचा आव आणत नाहीत. थोड्या वेळाने म्हणतात, "उद्या त्याच्या डब्यात पोळी सबंध द्या. तुकडे करू नका. तोडतो तो आता."

परवा वहिनी नूतनीकरणाच्या गुणांसाठी मुंबईला तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेल्या. जाण्याआधी फ्रिजवर चित्रांची पट्टी लावून गेल्या: पोहे. पोह्यांचा डबा, चाळणी, नळ, कढई, मोहरी, सगळ्याची ओळीने चित्रं, आणि शेजारी दादासाठी खुणांचे तीन रकाने. निरीक्षक म्हणून आईंची नेमणूक. आईंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसल्या. दादाने कांदा चिरला, पोहे धुतले, फोडणी केली. पोहे उत्तम झाले. आम्ही दोघांनी दोनदा घेतले. मग दादाने तक्ता पाहिला.

"आई! सगळीकडे 'हाताला धरून'? अगं, तू स्टुलावरून उठली तरी होतीस का?"

आई काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. बहुधा दहापर्यंत मोजत होत्या.

"बरं, मोहरी तडतडायच्या आत कांदा टाकत होतो, ते तू सांगितलंस," दादा म्हणाला. "पण बाकी?"

"मीठ?" आई म्हणाल्या.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिजवरची चित्रं वाचू लागलो.